जुन्या यंत्र-करवतीचें मोल

जालन्याच्या भट्ट्यांत मोडीचें लोखंड वितळून नव्या सळया होतात. त्या मोडींत जुनी साखळी-करवत सांपडली, तर तीहि जाऊं द्यावी काय?

जर्मनीच्या आंद्रेआस श्टील यांनीं १९२६ सालीं विजेची व १९२९ मध्यें पेट्रोलची साखळी-करवत केली. आपल्या लाकूडकाप्यांच्या मोठ्या करवतीप्रमाणें तिलाहि दोन माणसें लागत. एका माणसाची पेट्रोल-करवत त्यांच्या कारखान्यानें १९५० सालीं काढली.

हौशी मनुष्य तिचा कार्बोरेटर धुतो, पेट्रोलांत तेल मिसळतो, गोल कानशीनें दांत्यांना धार लावतो. परंतु इतक्या जुन्या यंत्रांत साखळी थांबविणारा ब्रेक नसतो. म्हणून त्यानें लांकूड कापूं नये, तें जपावें.

लोखंडाची सळई पुन्हा होईल. वितळलेल्या कल्पकतेचा पुरावा पुन्हा मिळणार नाहीं.