मिशाळ मासा आणि कांचेची पेटी

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधील प्रदेशांत आष्टा हें गांव वसलें आहे. या बाजूस शिवडा, शिंगाळा हे मोठे मिशाळ मासे नवलाचे नव्हत. ते या खोऱ्याचेच रहिवासी. अलीकडे मात्र परदेशी मिशाळ माशांचीं बोटभर पिलें दिवाणखान्यांतील कांचेच्या पेटींत नांदूं लागलीं आहेत. हा शोक कसा आला, हें पाहण्यासाठीं आपणांस थोडें मागें गेलें पाहिजे.

कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वरानें इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' रचिला. त्यांतील मत्स्यविनोद प्रकरणांत माशांच्या जाती, त्यांचें खाद्य आणि गळाची विद्या यांचें वर्णन आहे. राजाचा हेतु शिकारीचा होता, भूतदयेचा नव्हे. तथापि माशाची खोड आधीं ओळखावी, ही शिस्त त्या विनोदालाहि होती.

पुढें कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन १८३९ सालीं प्रसिद्ध केलें. पुण्याच्या मुळा-मुठेंतील शिंगाळ्यास त्यानें 'सींघाला' हेंच नांव शास्त्रांत दिलें. 'ताकरी', 'गूंगवारी', 'इचकीया' हीं नांवेंहि त्यानें इकडच्याच बोलींतून उचललीं. आमच्या कोळ्यांचे शब्द अशा रीतीनें लॅटिन नामावलींत जाऊन बसले, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

कांचेच्या पेटीचा जन्म मात्र विलायतेंतला. १८५० मध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें दोन लहान सोनेरी मासे, एक पाणवनस्पति आणि गोगलगाई यांचा समतोल एका भांड्यांत साधून दाखविला. १८५३ त लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें आणि १८५४ त गॉस याच्या पुस्तकानें हा छंद घरोघर नेला. त्या समतोलाचें सारें गणित लहान जीवांवर बसविलेलें होतें, हें मात्र पुढें लोक विसरले.

दुकानांत 'शार्क' या खोट्या नांवानें विकला जाणारा मासा वस्तुतः मेकाँग नदीचा पंगस होय. तो चार फुटांपर्यंत वाढतो. अमेझॉनचा तांबड्या शेपटीचा मिशाळहि तितकाच. असा मासा भरपूर खातो, पाणी झपाट्यानें नासवितो, आणि तोंडांत मावेल त्या सोबत्यास गिळून टाकतो. पेटींत तो पुरता वाढूं शकला नाहीं, तर तें त्याचें समाधान नव्हे, कुचंबणा होय.

मग मालक कंटाळतो आणि दया म्हणून मासा नदींत सोडतो. ही दया नदीला महाग पडते. पेटीचें शेवाळ खाण्यासाठीं आणलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा भीमेवरील उजनी जलाशयांत कोळ्यांच्या जाळ्यांत सांपडूं लागला आहे. त्याच्या कांटेरी कवचानें जाळीं फाटतात, आणि बाजारांत त्याला किंमत नाहीं. भीमा पुढें कृष्णेसच मिळते. इकडे आमचा शिवडा जगाच्या संकटग्रस्त यादींत 'असुरक्षित' म्हणून नोंदला गेला आहे.

छंदास आमचा विरोध नाहीं. मुलांस जलसृष्टीची ओळख घरींच होते, हा लाभ लहान नव्हे. परंतु मासा विकत घेण्यापूर्वीं त्याचें खरें नांव आणि त्याची पूर्ण वाढ विचारावी, आणि नको झालेला मासा दुकानदारास परत करावा, पण नदींत सोडूं नये. राजानें आणि साहेबानें माशाची ओळख आधीं करून घेतली होती. तेवढी तसदी सुशिक्षित गृहस्थांनीं घेण्यास हरकत नसावी.