कोळशावरील उपकर : नाव हवामानाचे, काम महसुलाचे

इंधनाची किंमत ते खणून काढण्याच्या आणि वाहून आणण्याच्या खर्चावरून ठरते. ते जाळल्याने वातावरणात साचणाऱ्या कर्बवायूची किंमत मात्र त्यात धरली जात नाही. ही वगळलेली किंमत करातून वसूल केल्यास मागणीला आपोआप आळा बसेल, हा विचार ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेल्या विवेचनावर आधारलेला आहे.

भारतात तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी २०१०च्या अर्थसंकल्पात कोळशावर प्रतिटन ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर जाहीर केला. देशी व आयात केलेल्या अशा दोन्ही कोळशांना तो लागू होता. २०१४ मध्ये तो १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला.

आठपट वाढीनंतरही विजेची मागणी घटल्याचे दिसले नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. एक युनिट विजेसाठी सुमारे ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर ४०० रुपयांचा भार युनिटमागे २८ पैसे होतो. वीजकेंद्र हा खर्च दरात मिळवते आणि वितरण कंपनी तो ग्राहकाकडे ढकलते. बिलात त्याची वेगळी ओळही नसते. जी किंमत ग्राहकाला दिसतच नाही, ती पाहून तो दिवा कसा मालवणार? शिवाय आकारणी वजनावर असल्याने राखेचे प्रमाण अधिक असलेल्या देशी कोळशावर उष्णतेच्या हिशेबाने जादा बोजा पडला, तर उच्च प्रतीचा आयात कोळसा तुलनेने हलका सुटला.

जमा रकमेतून अपारंपरिक ऊर्जेला बळ मिळावे, हा मूळ हेतू होता. प्रत्यक्षात २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये गोळा झाले. त्यांपैकी स्वच्छ ऊर्जा निधीत जेमतेम ३० हजार कोटी पोहोचले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि याच ४०० रुपयांना राज्यांच्या भरपाईचा उपकर असे नवे नाव मिळाले. हवामानाशी असलेला उरलासुरला संबंधही तिथेच तुटला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकर रद्द झाला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. टनाला १,५०० रुपये किंमत असलेल्या कोळशावर पूर्वी एकूण ४७५ रुपये कर पडे. आता तो २७० रुपये पडतो. सुमारे ३,१०० रुपयांपेक्षा महाग कोळशावर मात्र कर वाढला आहे.