संघांच्या बदल्या

सरकारी नोकरीत दहा-बारा वर्षे काढलेल्या माणसास बदलीचे नवल उरत नाही. हुकूम येतो, चार्ज द्यावा लागतो, मुलांचे शाळेचे दाखले काढावे लागतात आणि नव्या गावी क्वार्टर मिळेपर्यंत कोणा स्नेह्याच्या घरी पथारी पसरावी लागते. परंतु खेळाडूंचा एक अख्खा संघ एका गावातून उचलून शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या गावी ठेवता येतो, याचा प्रत्यय आम्हांला आला तो २०१९ च्या ऑगस्टअखेरीस. आम्ही मूळचे पुण्याचे, नोकरीमुळे दिल्लीकर. त्या सुमारास एफ. सी. पुणे सिटी हा संघ मोडला व इंडियन सुपर लीगमधील त्याची जागा हैदराबादला गेली. आणि त्याच्या पाठोपाठ दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन 'ओडिशा एफ. सी.' झाले. म्हणजे माहेर आणि सासर दोन्ही एकदमच गेली! त्यातली गंमत अशी की, भुवनेश्वरचे मैदान तयार नसल्यामुळे या ओडिशाच्या संघाने आपले पहिले काही 'घरचे' सामने खेळले ते बालेवाडीत, पुण्यात.

ही रीत आली कोठून, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा वाट अमेरिकेकडे गेली. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिकडे सॉकर म्हणतात; फुटबॉल हे नाव तेथे हाताने चेंडू नेण्याच्या एका धसमुसळ्या खेळाने बळकावले आहे. युरोपात क्लब हा गावाच्या मातीतून उगवतो. वाईट दिवस आले तर तो खालच्या वर्गात उतरतो, पण सहसा गाव सोडीत नाही. अमेरिकेत संघ म्हणजे फ्रँचाइझ, जुन्या भाषेत सांगायचे तर मक्त्याची सनद. सनद लीग देते, मालक ती विकत घेतो, आणि गाव हे केवळ त्या सनदेवर लिहिलेले ठिकाण असते. ते खोडून दुसरे लिहिता येते.

१९६८ ते १९८४ या काळात चाललेल्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगमध्ये हे खोडणे इतके झाले की, त्या संघांचे सर्व्हिस बुक कोणी ठेवले असते तर आम्हां कारकुनांनाही घेरी आली असती. बाल्टिमोरचा संघ १९७६ मध्ये सॅन दिएगोला गेला, १९७७ मध्ये लास व्हेगासला, आणि १९७८ मध्ये पुन्हा सॅन दिएगोला. सॅन अँटोनियोचा संघ १९७७ मध्ये थेट हवाई बेटांवर पोहोचला. एका हंगामात तेथेही जमेना म्हणून तो टल्सा येथे आला. त्याच टल्साने १९८३ मध्ये अजिंक्यपद मिळवले, आणि पुढच्याच वर्षाअखेर लीगच आटोपली.

या भटकंतीच्या मुळाशी मैदानाचा प्रश्न होता. सॉकरला स्वतःचे घर नव्हते. बेसबॉलच्या किंवा त्या दुसऱ्या फुटबॉलच्या मैदानात पोटभाडेकरू म्हणून राहायचे, त्यांच्या रेषांवरून आपला खेळ खेळायचा, तारखा त्यांच्या सोयीने घ्यायच्या. भाडे आपण द्यायचे. मोटारी उभ्या करण्याचे आणि खाद्यपेयांचे पैसे मात्र बहुधा घरमालकाच्या खिशात. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघात आला तेव्हा त्याचा पहिला सामना रँडल्स आयलंडवरच्या एका जुनाट मैदानात झाला. दूरचित्रवाणीवर उघडी माती दिसू नये म्हणून तिला हिरवा रंग फासण्यात आला होता, आणि तो रंग पायांना लागलेला पाहून आपल्याला काही त्वचारोग झाला की काय अशी शंका पेलेला आली, असे सांगतात. जगातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूसाठी पैसा होता, गवतासाठी नव्हता! पुढे दोनच वर्षांत, १९७७ मध्ये, जायंट्स स्टेडियममध्ये याच संघाच्या एका सामन्याला ७७,६९१ प्रेक्षक आले. पण तेही घर दुसऱ्याचेच.

१९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली तेव्हा तिचा पहिला सामना सॅन होजे येथे झाला. यजमानांनी तो १-० असा जिंकला. मैदान विद्यापीठाचे, अरुंद, आणि अर्थातच भाड्याचे. पुढे 'अर्थक्वेक्स' हे नाव घेतलेल्या या संघाने २००१ आणि २००३ मध्ये अजिंक्यपद मिळवले. २००५ मध्ये साखळी सामन्यांत सर्वांत अधिक गुणही त्याचेच होते. तरीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याची ह्यूस्टनला बदली झाली. गुन्हा एवढाच की, गावात नव्या मैदानाची व्यवस्था होऊ शकली नाही.

या बदलीची एक अट मात्र आम्हांला विलक्षण वाटली. खेळाडू आणि प्रशिक्षक ह्यूस्टनला गेले. पण संघाचे नाव, रंग आणि मिळवलेल्या विजयांची नोंद सॅन होजेतच राहिली. माणसांनी चार्ज द्यावा आणि दप्तर जागेवर राहावे, तसेच हे. ह्यूस्टनला नवे नाव हवे होते. तेथील मालकांनी शहराच्या स्थापनेचे वर्ष म्हणून 'ह्यूस्टन १८३६' असे ठरविले. परंतु ते साल टेक्सास मेक्सिकोपासून फुटल्याचेही. तेव्हा गावातील मेक्सिकन वंशाच्या लोकांनी हरकत घेतली आणि काही आठवड्यांतच 'डायनॅमो' हे नाव आले. त्या माणसांनी नव्या गावासाठी २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे जिंकली. सॅन होजेच्या प्रेक्षकांना ती बातमी वाचताना काय वाटले असेल! २००८ मध्ये सॅन होजेला नवी सनद मिळाली, जुन्या नावाखाली नवी माणसे आली, आणि २०१५ मध्ये एकदाचे स्वतःचे मैदानही झाले. विजय कोणाचा, जिंकणाऱ्या पायांचा की ज्या गावासाठी ते धावले त्याचा? अमेरिकनांनी हा प्रश्न करारपत्राने सोडविला. आम्हांला मात्र तो सुटल्यासारखा वाटत नाही.

कोलंबसची हकीगत याच्या उलट. ओहायो राज्यातील या शहराचा 'क्रू' हा संघ पहिले तीन हंगाम विद्यापीठाच्या अवाढव्य मैदानात खेळला. तेथे पंचवीस हजार लोक आले तरी मैदान ओसाड दिसे. मैदानासाठी कर देण्यास मतदारांनी १९९७ मध्ये नकार दिला. मालक लामार हंट हे तेलाच्या पैशावर मोठे झालेले गृहस्थ. १९६३ मध्ये त्यांनीच आपला त्या दुसऱ्या फुटबॉलचा संघ डल्लासहून कॅन्सस सिटीला हलविला होता. तेव्हा बदलीचा हुकूम काढणे त्यांना काही जड नव्हते. पण या खेपेस त्यांनी सुमारे दोन कोटी पंच्याऐंशी लाख डॉलर खर्चून राज्याच्या जत्रेच्या जागेवर मैदान बांधले. १९९९ च्या मेमध्ये ते उघडले. बिनछपराचे, धातूच्या बाकांचे, दिसायला अगदी साधे. परंतु या लीगमध्ये मुद्दाम सॉकरसाठी बांधलेले ते पहिलेच. पुढे याच मैदानात अमेरिकेने विश्वचषकाच्या पात्रता फेरीत मेक्सिकोला २००१, २००५, २००९ आणि २०१३ असे चार वेळा २-० नेच हरविले.

हंट वारले २००६ मध्ये. २०१३ मध्ये संघ अँथनी प्रीकोर्ट यांच्याकडे गेला. २०१७ च्या ऑक्टोबरात त्यांनी जाहीर केले की, शहराच्या मध्यभागी नवे मैदान न मिळाल्यास संघ टेक्सासातील ऑस्टिनला नेऊ. मागाहून उघड झाले की, ऑस्टिनला जाण्याची मुभा त्यांच्या खरेदीच्या करारातच होती. ज्या मैदानाने सर्वांना वाट दाखविली तेच आता अठरा वर्षांत जुने ठरले!

येथे प्रेक्षक गप्प बसले नाहीत. 'सेव्ह द क्रू' या नावाने चळवळ उभी राहिली, आणि तिच्या मदतीस एक पडून राहिलेला कायदा धावला. आर्ट मॉडेल नावाच्या मालकाने क्लीव्हलँडचा ब्राउन्स संघ बाल्टिमोरला नेला, तेव्हा संतापलेल्या ओहायो राज्याने १९९६ मध्ये तो केला होता. सरकारी मदत घेतलेल्या मैदानात खेळणाऱ्या मालकास गाव सोडायचे असेल तर सहा महिने आधी नोटीस द्यावी आणि स्थानिक लोकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी, असा त्याचा आशय. २०१८ च्या मार्चमध्ये राज्याने व शहराने याच कलमावर दावा लावला. निकालापर्यंत वेळ आलीच नाही. वर्षाअखेर तडजोड होऊन संघ कोलंबसमधील एडवर्ड्स कुटुंब आणि हॅस्लम कुटुंब यांच्याकडे आला, आणि प्रीकोर्ट यांना ऑस्टिनची नवी सनद मिळाली. आमच्यासारख्या फायली चाळणाऱ्या माणसास यातली मौज अशी वाटते की, हे हॅस्लम म्हणजे त्याच ब्राउन्स संघाचे मालक. ज्या संघाच्या जाण्यामुळे कायदा झाला, त्याच्याच नव्या धन्याने त्या कायद्याच्या सावलीत दुसरा संघ राखला.

२०२० च्या डिसेंबरात अजिंक्यपदाचा सामना कोलंबसला आला, तोही हंटनी बांधलेल्या जुन्या मैदानातच. साथीमुळे फार थोड्यांना आत प्रवेश होता. क्रूने सिॲटलला ३-० असे हरविले. पुढच्या जुलैत संघ शहराच्या मध्यभागी बांधलेल्या नव्या मैदानात राहावयास गेला. जुने मैदान पाडले नाही, तेथे खेळाडू सराव करतात.