ऐकणाऱ्यांचे बडोदे

श्रावणात उत्सव समितीची बैठक बसली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास निघतो: यंदा व्याख्यान ठेवायचे का? आरती, अथर्वशीर्षाची आवर्तने, मुलांच्या स्पर्धा, नाटक, महाप्रसाद यांबद्दल कुणाचे दुमत नसते. व्याख्यानाचे नाव निघाले की मात्र कुणीतरी गेल्या वर्षीच्या रिकाम्या खुर्च्यांची आठवण करून देतो. ‘आनंदी कसे राहावे’, ‘विज्ञान आणि आपण’, ‘माणूस असा का वागतो’ हे सगळे आता फोनवर ऐकता येते, मग त्यासाठी मांडवात कोण येईल, असे तरुण सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्ही आपल्याच गावाच्या इतिहासात शिरलो आणि जे सापडले ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सुरुवात १८७५ पासून करू. त्या वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला. गोपाळरावांचे सयाजीराव झाले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तोवरचे सारे ज्ञान कानांवाटे आलेले. पुढे इलियट साहेबांच्या हाताखाली त्यांनी अक्षरओळखीपासून अभ्यास केला आणि १८८१ अखेर कारभार हाती घेतला. ऐकून शिकणे म्हणजे काय हे या राजाला पुस्तकातून कळले नव्हते, ते त्याने अनुभवले होते. पुढची बरीच कामे समजून घ्यायला ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

बडोदे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे त्रिभुवनदास गज्जर यांनी महाराजांच्या पाठिंब्याने १८९० मध्ये कलाभवन उभे केले. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यावर चाफेकरांनी फासलेले डांबर ज्यांनी आपल्या रसायनविद्येने काढून दाखवले, तेच हे गज्जर. शास्त्रे आणि हुन्नर मातृभाषेतून शिकवावेत असा त्यांचा आग्रह होता. रंगाऱ्याच्या मुलाला रंगाचे रसायन कळायचे तर ते त्याच्या घरच्या भाषेत सांगितले पाहिजे, अशी ती साधी भूमिका. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी.

सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून सगळ्या राज्यात आले. पण जे शाळेच्या वयाचे नव्हते त्यांचे काय? १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना आणले. राजवाड्यातली पुस्तके लोकांसाठी खुली झाली, लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये खेड्यांकडे निघाली. त्याच खात्यात चित्रे दाखवून शिकवणारी एक शाखाही होती. मॅजिक लँटर्नच्या काचा आणि सिनेमाचे यंत्र घेऊन तिची माणसे गावोगाव जात. ज्याला वाचता येत नाही त्यालाही जग पाहण्याचा आणि समजून घेण्याचा हक्क आहे, हे तत्त्व इथे सरकारी खात्याच्या कामात उतरले होते. आपल्याकडे कीर्तनाला जमलेल्या मंडळींत कुणाला वाचता येते हे कुणी विचारत नसे. या खात्याने तीच बैठक विज्ञानासाठी आणि भूगोलासाठी वापरली असे आम्हाला वाटते.

बोलणाऱ्याच्या बाजूचीही एक गोष्ट बडोद्याशी जोडलेली आहे. अरविंद घोष १८९३ ते १९०६ इथे होते. कॉलेजात इंग्रजी शिकवीत. सुरत काँग्रेस फुटल्यानंतर ते बडोद्यास आले आणि जानेवारी १९०८ मध्ये विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याबरोबर सरदार मजुमदारांच्या वाड्यातल्या वरच्या खोलीत तीन दिवस बसले. मनात विचार येताना दिसेल, तो आत शिरण्याआधीच परतवा, असे लेल्यांनी सांगितले. तीन दिवसांत मन निःशब्द झाले, असे पुढे अरविंदांनीच नमूद केले आहे. लगेच मुंबईला सभा होती आणि रिकाम्या मनाने बोलायचे काय हा पेच पडला. लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील. १९ जानेवारीला ते भाषण झाले. योगाबद्दल ज्याचे मत जे असेल ते असो, भाषणाआधी समोरच्या माणसांना नमस्कार करून क्षणभर गप्प राहावे, हा धडा कोणत्याही वक्त्याला उपयोगी आहे.

मात्र आमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाते ते एक फारसे आठवले न जाणारे पुस्तक. आल्बन विजरी हे इंग्रज प्राध्यापक बडोदे कॉलेजात तत्त्वज्ञान आणि धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवीत. आपले गुरुदेव रानडे यांच्याबरोबर ते ‘इंडियन फिलॉसॉफिकल रिव्ह्यू’ हे नियतकालिक संपादित करीत. १९२० मध्ये त्यांचे ‘गुड्स अँड बॅड्स’ हे पुस्तक बडोद्यात प्रसिद्ध झाले. आयुष्यात चांगले काय, वाईट काय, कशासाठी जगावे, असा त्याचा विषय. सयाजीराव महाराजांशी झालेल्या बोलण्यांचे आणि चर्चांचे हे सार आहे, असे पुस्तकावरच म्हटले आहे.

हा श्रोता कोण होता ते पाहा. पहिल्या महाराणी चिमणाबाई १८८५ मध्ये गेल्या. त्यानंतर निद्रानाशाने त्रस्त झालेले महाराज १८८७ मध्ये प्रकृतीसाठी युरोपला गेले. १९०८ मध्ये युवराज फत्तेसिंहराव गेले आणि १९१९ मध्ये शिवाजीराव. पुस्तक छापून आले तेव्हा दोन तरुण मुलांचा वियोग या पित्याच्या मागे होता. राज्य, पैसा, प्रवास, मानमरातब यांपैकी काहीच कमी नव्हते, तरी आयुष्यात चांगले कशाला म्हणायचे हे तो एका प्राध्यापकासमोर बसून विचारीत होता. दुःख पुस्तकाचे कारण होते असे आम्ही म्हणत नाही. पण ‘सुख म्हणजे काय’ हा प्रश्न रिकामटेकड्यांचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आणावे. आणखी एक: ही चर्चा होती. सांगणारा होता तसा विचारणाराही होता.

बडोद्याच्या मराठी माणसांना ऐकण्याची सवय जुनीच. मराठी साहित्य संमेलन इथे १९०९, १९२१ आणि १९३४ मध्ये भरले. १९२१ चे अध्यक्ष न. चिं. केळकर. १९४९ मध्ये महाराजांच्या नावाचे विद्यापीठ झाले आणि त्यात शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र यांची मिळून एक विद्याशाखा उघडली. माणूस असा का वागतो हा ओट्यावरच्या गप्पांचा विषय गावातच पदवीच्या अभ्यासाचा झाला.

आता त्या फोनकडे येऊ. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ मध्ये सुरू झालेला एक अभ्यास अजून चालू आहे. त्याच त्या माणसांचे आयुष्य तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत त्यात टिपले गेले. उतारवयात माणूस सुखी आणि निरोगी राहतो तो मुख्यतः जिव्हाळ्याच्या नात्यांमुळे, असा त्याचा निष्कर्ष. यावरचे व्याख्यान जगभर लाखो लोकांनी ऐकले, आम्हीही ऐकले. कानात बोंडे घालून, एकट्यानेच. माणसांत राहा असे सांगणारे भाषण आपण माणसांपासून दूर बसून ऐकतो, हे तेव्हा जाणवले. फोनवरचा वक्ता आपल्यापेक्षा विद्वान असेल, पण आपण हात वर केलेला त्याला दिसत नाही. आणि शेजारच्या काकूंनी आपल्याच मनातला प्रश्न विचारला, की ‘हे फक्त मलाच होत नाही’ असे जे हायसे वाटते, तेही फोनवर मिळत नाही.

म्हणून यंदा व्याख्यान ठेवावे असे आमचे मत आहे. वक्ता गावातलाच असला तरी चालेल. त्याने चाळीस मिनिटे बोलावे आणि नंतर निदान अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा. खुर्च्या रांगांऐवजी गोल मांडाव्यात. पन्नासऐवजी पंधराच माणसे आली, तरी कार्यक्रम पडला असे समजू नये. विजरींच्या पुढ्यात तर एकच श्रोता होता.