रस्त्याच्या कडेची पाटी आणि तिचा परवाना

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यांतील सौंदड हें गांव नागपुराहून रायपुराकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर आहे. इंग्रजी अमदानींत या रस्त्यास ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. स्वातंत्र्यानंतर तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला आणि पुढें फेरक्रमांकनांत ५३ हा आंकडा त्यास मिळाला. बंगाल–नागपूर रेल्वेनें विसाव्या शतकाच्या आरंभीं गोंदियाहून नागभीडकडे जो अरुंद मापाचा लोहमार्ग घातला व जो आतां रुंद मापाचा झाला आहे, त्यावरीलहि हें एक स्थानक होय. सारांश, गांवठाण, महामार्ग व लोहमार्ग या तीन हद्दी येथें एकमेकींस भिडल्या आहेत. अशा ठिकाणीं एखाद्या दुकानदारास रस्त्याच्या कडेला जाहिरातीची पाटी उभी करावयाची असल्यास त्यानें परवाना कोणापाशीं मागावा? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु उत्तर शोधूं गेल्यास शंभराहून अधिक वर्षांचे कायदे चाळावे लागतात. आमचें म्हणणें असें कीं, पाटीच्या परवान्याचा इतिहास हा वस्तुतः रस्त्याच्या कडेच्या धनीपणाचा इतिहास आहे, आणि म्हणूनच तो संशोधकाच्या कक्षेंत येतो.

जुन्या मध्यप्रांतांत, व म्हणून तत्कालीन भंडारा जिल्ह्यांतहि, जमिनीची पद्धति मुख्यत्वें मालगुजारीची होती. गांवच्या वहिवाटी व जाण्यायेण्याचे हक्क बंदोबस्ताच्या वेळीं ‘वाजिब-उल-अर्ज’ नामक लेखांत नोंदले जात. मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० सालीं झाला व ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे स्वामित्वाचे हक्क सरकारांत निहित झाले. तथापि निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज हे दोन्ही लेख १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १६१ व १६५ या कलमांत विदर्भापुरते टिकून राहिले. रस्ता कोणाचा, या प्रश्नाचा पूर्व विदर्भांतील जुना पुरावा शोधावयाचा तो येथें. त्यांत पाटीचा उल्लेख शोधूं नये, वाटेचा शोधावा. वाट मोकळी असावी हा हक्क आधींचा, पाटी मागाहूनची.

ग्रामपंचायतींचा कायदा मध्यप्रांतांत १९२० सालीं झाला. त्यामागून १९४६ चा मध्यप्रांत व वऱ्हाड पंचायत कायदा आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनें विदर्भ मुंबई राज्यांत सामील झाला आणि १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत कायद्याखालीं सौंदडसारखीं गांवें आलीं. या कायद्याच्या ५३ व्या कलमांत सार्वजनिक रस्त्यावर भिंत, कुंपण, खांब, टपरी, ओटा इत्यादि उभारून अडथळा करणाऱ्यास मुळांत पन्नास रुपयांपर्यंत, व तो चालूं ठेवल्यास प्रतिदिनीं पांच रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. अडथळा दूर करण्याचा अधिकारहि पंचायतीस दिला आहे. जाहिरात हा शब्द या कलमास लागत नाहीं, खांब पुरतो. पाटी काय सांगते हें येथें गौण, ती कोठें उभी आहे हें मुख्य.

शहरांच्या कायद्यांत मात्र पाटीस स्वतंत्र नांव मिळालें. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याच्या ३२८ व्या कलमांत ‘आकाशचिन्ह’ हा शब्द येतो. तो इंग्रजी ‘स्काय साइन’ याचें अक्षरशः भाषांतर होय. खुद्द लंडन शहरांत अशा चिन्हांविरुद्ध १८९१ सालीं निराळा कायदाच झाला होता. खांबावर वा चौकटीवर उभारलेलें जें चिन्ह रस्त्यावरून पाहतां आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतें, तें आकाशचिन्ह. त्यास आयुक्ताचा लेखी परवाना लागतो, आणि तो एका वेळीं दोन वर्षांहून अधिक मुदतीचा देतां येत नाहीं. इतर जाहिरातींसाठीं ३२८-अ हें कलम आहे. पदपथावर ठेवलेल्या वस्तूंचा विचार मात्र अगदीं वेगळ्या जागीं केला आहे: ३१३ व्या कलमानें पेटी, बाक, शिडी, फळी यांसारख्या वस्तु परवानगीवांचून मांडण्यास मनाई केली व ३१४ व्या कलमानें त्या नोटीस न देतां उचलण्याचा अधिकार आयुक्तास दिला. म्हणजे वर पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठीं एक कायदा आणि खालीं चालणाऱ्याच्या पायांसाठीं दुसरा. १९४९ च्या प्रांतिक महापालिका कायद्यांतहि आकाशचिन्हें व जाहिराती यांस २४४ व २४५ हीं स्वतंत्र कलमें मिळालीं.

आतां उरलेल्या दोन धन्यांकडे वळूं. महामार्गाची भूमि २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्यानें केंद्र सरकारची मालमत्ता मानली असून परवान्यावांचून ती व्यापण्यास मनाई आहे. रेल्वेची गोष्ट याहून नाजूक. रेल्वेच्या कोणत्याहि भागावरील जाहिरातीबद्दल स्थानिक संस्थेस कर देण्याचें दायित्व, केंद्र सरकारनें अधिसूचनेनें तसें ठरविल्याखेरीज, रेल्वे प्रशासनावर नाहीं, असें १९८९ च्या रेल्वे कायद्याचें १८५ वें कलम सांगतें. येथें करमाफीचा प्रश्न आहे, परवानामाफीचा नव्हे. हा भेद ध्यानांत न ठेवल्यास हद्दीवरील पाटी कोणाच्याच दप्तरीं न येण्याचा संभव राहतो.

हा संभव केवळ तर्काचा नाहीं. १३ मे २०२४ रोजीं मुंबईंत घाटकोपर येथें वादळी वाऱ्यांत एक प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसें प्राणांस मुकलीं. फलक लांबीरुंदीनें १२० फूट. महापालिकेची कमाल मर्यादा ४० फुटांची. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यांतील होती आणि आपला परवाना घेतलाच नव्हता, असें महापालिकेनें सांगितलें. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेंत मुंबई उच्च न्यायालयानें ३१ जानेवारी २०१७ रोजींच बेकायदा फलकांविषयीं विस्तृत आदेश दिले होते. इतकें असतांहि जें घडलें त्याचें मूळ आम्हांस धनीपणाच्या या गुंत्यांत दिसतें.

पाटीच्या लिपीकडे सरकारचें लक्ष पुरेसें आहे. २०२२ च्या दुरुस्तीनें दुकानांवरील नामफलक मराठींत, देवनागरी लिपींत व इतर लिपींहून लहान नसलेल्या अक्षरांत असणें सर्व आस्थापनांस आवश्यक झालें, आणि सप्टेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें व्यापाऱ्यांस त्यासाठीं दोन महिन्यांची मुदत दिली. कोणत्या लिपींत, याचें उत्तर अशा रीतीनें एका वाक्यांत मिळतें. कोणाच्या भूमीवर, याचें उत्तर अद्याप तीन-चार कायद्यांत विखुरलेलें आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सनद वंशपरंपरेची म्हणून घराण्यांनीं ती पेटींत जपली. परवाना दोन वर्षांचा म्हणून मुदत सरतांच तो रद्दींत जातो. जाहिरातकराच्या पावत्यांचा पुरावाहि आतां नवा मिळणार नाहीं. कारण राज्यसूचींतील ज्या ५५ व्या नोंदीवर तो कर आधारलेला होता, ती १०१ व्या घटनादुरुस्तीनें २०१६ सालीं वगळली गेली व १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरूं झाला. उरतात ते अर्ज, जागेचे नकाशे, फीच्या पावत्या व पंचायतींचे ठराव. जुन्या छायाचित्रांतील पाटीचा काळ ठरविण्यास यांहून विश्वसनीय साधन नाहीं, आणि रस्त्याची कड कोणत्या वर्षीं कोणाच्या ताब्यांत होती हें सांगणारा कागदहि हाच. सौंदडसारख्या तिठ्यावरच्या गांवांत असे कागद आढळल्यास ते जुन्या मोडी दप्तरांच्या बरोबरीनें जपावे, व त्यांवरील तारीख, मुदत आणि परवाना देणाऱ्याचें पद हीं तिन्ही टिपून ठेवावीं.