रमा, रमाबाई, रमाई

अमरकोशात लक्ष्मीची नावं एकापाठोपाठ एक येतात. पद्मा, कमला, श्री, इंदिरा, आणि त्यांच्यातच रमा. 'रम्' या धातूवरून आलेलं हे नाव; राम, रमण, रम्य हे त्याचे सख्खे नातेवाईक. मराठी घरांमध्ये ते पुरुषांच्या नावांतही मुरलेलं आहे. रमेश, रमाकांत, रमानाथ हे सगळे तिचेच पती. माधवही त्यांच्यातलाच, कारण 'मा' म्हणजे लक्ष्मी आणि धव म्हणजे नवरा. दिवाळीच्या तोंडावर येणारी आश्विन वद्य एकादशी पंचांगात 'रमा एकादशी' म्हणूनच छापलेली असते.

विष्णूची पत्नी ही या नावाची पहिली ओळख. नाव बाईचं असलं तरी त्याचा अर्थ नवऱ्याच्या आधारानं उभा राहतो. लग्नात नवरीचं नाव बदलण्याची प्रथा ज्या घरांत होती, तिथे असं नाव साहजिकच पसंतीला उतरे. सासरी लक्ष्मीपूजन व्हायचं, ताटात तांदूळ पसरायचे आणि त्यांत सोन्याच्या अंगठीनं नवं नाव लिहायचं. नवऱ्याच्या नावाशी जुळणारं नाव निवडण्याची हौस असायची. जोडी देवादिकांची झाली की मंडळी समाधानी. माहेरच्या मुलीचं काय झालं, हे विचारण्याची रीत नव्हती.

रमा आणि माधव ही जोडी महाराष्ट्राच्या मनात बसली ती पेशव्यांमुळे. थोरले माधवराव 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात क्षयानं वारले, तेव्हा ते जेमतेम 27 वर्षांचे होते. रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. गोपिकाबाई किंवा आनंदीबाई यांच्यासारखा दरबारी राजकारणात त्यांचा वावर नव्हता, त्यामुळे इतिहासात त्यांची नोंद मुख्यतः या शेवटच्या दिवसापुरतीच उरली. पुढे रणजित देसाईंच्या 'स्वामी'नं (1962) ही जोडी घरोघरी नेली, आणि 2014 मध्ये मृणाल कुलकर्णी यांनी 'रमा माधव' नावाचा चित्रपट केला. प्रेमकथा म्हणून ती वाचताना डोळे पाणावतात हे खरं. पण त्या कथेत एक तरुण स्त्री जिवंत जळते, आणि या नावाचा इतिहास सांगायचा तर तिथून नजर वळवता येत नाही.

शंभर वर्षांनी हीच जोडी पुन्हा जमली, आणि यावेळी तिला निराळं वळण लागलं. सांगली भागातल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची यमुना 1873 च्या डिसेंबरात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी विवाहबद्ध झाली. ती 11 वर्षांची, ते 31 वर्षांचे. पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि कुमारिकेशी लग्न केलं. त्यांच्यावर त्या वेळी झालेली टीका अजूनही बोचते. रानड्यांना आप्तस्वकीय माधवराव म्हणत. यमुनेची रमा झाली.

माधवरावांनी या रमेला लिहायला-वाचायला शिकवलं, पुढे इंग्रजीही. घरातल्या बायकांनी त्यापायी तिचा अतोनात छळ केला. शिकणारी सून म्हणजे घराण्याची बदनामी, असाच तो काळ होता. हे सगळं तिनं पुढे 'आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी' (1910) या पुस्तकात सांगितलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा संस्कार इतका पक्का, की पुस्तकभर रानड्यांचा उल्लेख 'स्वतः' असा येतो. नवऱ्याच्या नावाशी जुळवून ठेवलेलं नाव जिनं आयुष्यभर वागवलं, तिनं त्याचं नाव मात्र ओठांवर येऊ दिलं नाही. असं असूनही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखिका म्हणून ती स्वतःच्या नावानं उभी राहिली. मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात या गोष्टीचं मोल फार मोठं आहे.

रानडे 1901 मध्ये गेले. त्यानंतरची तेवीस वर्षं रमाबाईंची स्वतःची होती. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथे विधवा आणि परित्यक्ता शिकू लागल्या, परिचारिका होऊ लागल्या. मुंबई प्रांतात बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून झालेल्या चळवळीतही त्या पुढे होत्या. 1962 मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

दुसऱ्या रमाबाईंना हे नाव कुणी सासरी दिलं नव्हतं. 1858 मध्ये सह्याद्रीतल्या गंगामूळ इथल्या जंगलात, आजच्या कर्नाटकात, अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या पोटी त्या जन्मल्या. घरातली नावं पाहिली की वैष्णव पुराणिकाचं बिऱ्हाड डोळ्यांसमोर येतं. वडील अनंत, आई लक्ष्मी, भाऊ श्रीनिवास, बहीण कृष्णा आणि धाकटी रमा. अनंतशास्त्र्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना जातीत जाब द्यावा लागला. त्याच बायकोनं लेकीला संस्कृत शिकवलं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण दगावले. उरलेली भावंडं पायी भारतभर फिरत पुराणं सांगत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी रमेला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. लक्ष्मीचं नाव आणि सरस्वतीची पदवी एकाच बाईला मिळाल्याचं दुसरं उदाहरण सहसा सापडायचं नाही.

बंगाली वकील बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी 1880 मध्ये लग्न केलं, जात ओलांडून आणि नोंदणी पद्धतीनं. नाव बदललं नाही. मुलगी झाली तिचं नाव मनोरमा. त्यातही आई आहेच. पुढे इंग्लंडमध्ये 1883 साली बाप्तिस्मा घेतल्यावरही 'मेरी रमा' असं जुनं नाव सोबत राहिलं. धर्म बदलला, देश बदलले, वैधव्य आलं, तरी विष्णुपत्नीचं नाव त्यांनी टाकलं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणणारी बाई रमाबाईच होती.

या दोघी 1882 मध्ये पुण्यात एकमेकींना भेटल्या. पती वारल्यानंतर पंडिता तान्ह्या मुलीला घेऊन तिथे आल्या होत्या. त्यांनी आर्य महिला समाज काढला, आणि त्याच्या सभांना जाणाऱ्यांत विशीतल्या रमाबाई रानडे होत्या. एका रमाबाईनं नऊवारीतल्या बायकांपुढे उभं राहून बोलायचं आणि दुसरीनं घरच्यांची बोलणी खाऊन ते ऐकायला यायचं, हे पुण्यानं त्या वर्षी पाहिलं. 'पंडिता' हा शब्द नावाला कायमचा चिकटला, त्याचा एक उपयोग दोघींना वेगळं ओळखण्यासाठीही झाला असावा.

तिसरी रमाबाई ब्राह्मणवाड्यातली नव्हती. दापोलीजवळच्या वणंद गावची रमी, आईचं नाव रुक्मिणी, वडील भिकू दाभोळच्या बंदरात मासळीच्या टोपल्या वाहणारे. 1906 मध्ये भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर, तिचं लग्न भीमराव आंबेडकरांशी लागलं. नवरा अमेरिकेत, मग लंडनमध्ये शिकत असताना तिनं मुंबईतल्या चाळीत संसार रेटला. पाचपैकी चार मुलं डोळ्यांदेखत गेली. त्यातल्या एकाचं नाव रमेश होतं.

विठ्ठलाच्या दर्शनाला पंढरपूरला जावं अशी तिची फार इच्छा होती. पण अस्पृश्यांना देवळाबाहेर लांबूनच हात जोडावे लागत, म्हणून बाबासाहेबांनी नकार दिला आणि आपण दुसरं पंढरपूर उभारू असं सांगितलं. रुक्मिणीची लेक, नाव लक्ष्मीचं, आणि लक्ष्मीपतीचं दार तिला बंद! ते दार उघडायला साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. रमाबाई त्याआधी बारा वर्षं, 27 मे 1935 रोजी, गेल्या होत्या. बाबासाहेब त्यांना 'रामू' म्हणत. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांनी याच नावानं तिच्या स्मृतीला अर्पण केला.

'बाई' जाऊन 'आई' आली ती लोकांच्या तोंडी. विठाई, ज्ञानाई तशी रमाई. भीमगीतांनी हे रूप वस्त्यावस्त्यांत पोहोचवलं, आणि 7 फेब्रुवारीला रमाई जयंती साजरी होऊ लागली. यशवंत मनोहरांनी 'रमाई' नावाची कादंबरी लिहिली. लग्नातल्या तांदळावर उमटणाऱ्या नावापेक्षा हे निराळं नामकरण आहे. ते कोणत्याही सासरनं केलेलं नाही.

मालिकांमध्ये रमा अजूनही नायिका असते. 'मुरांबा' आणि 'रमा राघव' ही अलीकडची उदाहरणं. पण या नावाचा सगळ्यांत मोठा वावर आज पाट्यांवर आणि कागदांवर आहे. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली; रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि दहा जण मेले. त्यानंतर 'रमाबाई' म्हटलं की मुंबईतल्या कित्येकांच्या मनात आधी ती वस्ती येते. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राज्य सरकार जी घरकुल योजना चालवतं, तिचं नाव रमाई आवास योजना. ज्या रमाईनं अर्धं आयुष्य चाळीच्या खोलीत काढलं, तिच्या नावानं गावोगाव पक्क्या घरांचे अर्ज भरले जातात.