शेवंती आणि निशिगंध : उसन्या नावांची दोन फुलझाडे

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कोणत्याही फुलबाजारात जा, झेंडूच्या राशींच्या शेजारी आणखी दोन फुले हमखास दिसतात. टोपल्यांत पिवळी-पांढरी शेवंती असते आणि ओल्या गोणपाटाखाली निशिगंध. दोन्ही हारात जातात आणि देवाला चालतात. घरची बाग असलेल्यांना दोन्ही लावावीशी वाटतात, कारण एकदा लावली की ती वर्षानुवर्षे टिकतात. इतक्या ओळखीच्या फुलांना इतिहास असेल, असे आपल्या मनातही येत नाही.

माझ्या मनात ते आले एका यादीमुळे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका देवस्थानाच्या बागेत ‘फक्त आपली फुलझाडे’ लावायचे ठरले. मी वनस्पतिशास्त्र कुठे शिकलेलो नाही, पण कोश आणि बागकामाची जुनी पुस्तके चाळत झाडांच्या नावांचा माग काढण्याचा मला नाद आहे. म्हणून ती यादी तपासायला माझ्याकडे आली. अमेरिकेतून आलेली म्हणून बोगनवेल आणि पांढरा चाफा खोडलेले होते. झेंडूपुढे प्रश्नचिन्ह होते. शेवंती आणि निशिगंध मात्र निर्धास्त बसले होते, कारण त्यांची नावे संस्कृत वळणाची! मी उत्तरादाखल चार पाने लिहून दिली. त्यांचाच हा विस्तार.

आधी निशिगंध. याचे मूळ घर मेक्सिको. तिथल्या नाहुआत्ल भाषेत त्याला ‘ओमिशोचित्ल’ म्हणत, म्हणजे हाडाचे फूल. पाकळीचा मेणचट पांढरा रंग डोळ्यांपुढे आणला की हे नाव पटते. ही वनस्पती आज रानात कुठेही आढळत नाही, जिथे आहे तिथे माणसाने लावलेलीच आहे. लिनियसने १७५३ साली तिला ‘पोलिआन्थिस ट्यूबरोझा’ हे शास्त्रीय नाव दिले. ट्यूबरोझा म्हणजे गाठी-कंद असलेली. इंग्रजीत त्याचे ‘ट्यूबरोज’ झाले आणि गुलाबाशी काडीचा संबंध नसताना गुलाबाचे नाव त्याला चिकटले. २०१७ साली शास्त्रज्ञांनी ही वनस्पती ‘अगावे’ या प्रजातीत हलवली. बांधावरचा काटेरी घायपात याच प्रजातीतला, म्हणजे तो निशिगंधाचा सख्खा भाऊबंद ठरला.

मूळ घर मेक्सिको, यातून कालगणनेचा एक पक्का आधार मिळतो. कोलंबसाची पहिली सफर १४९२ ची. त्यापूर्वीच्या कोणत्याही भारतीय ग्रंथात रात्री सुगंध देणारे फूल आले, तर ते दुसरे काहीही असेल, निशिगंध नव्हे. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांकडे गेला आणि काजू, अननस, मिरची अशी अमेरिकेतली झाडे आपल्याकडे रुजली, ती यानंतरच्या काळात. निशिगंध त्याच पंगतीतला.

मग त्याची नावे कुठली? मराठीत निशिगंधाला गुलछडी म्हणतात, तसेच गुलछबूही म्हणतात. हे गुलछबू म्हणजे उर्दूतले ‘गुलशब्बो’, आणि ते फारसी ‘शब-बू’वरून आलेले : शब म्हणजे रात्र, बू म्हणजे गंध. गंमत अशी, की इराणमध्ये शब-बू म्हणजे आजही वेगळेच झाड आहे. ते मोहरीच्या कुळातले सुगंधी बागफूल. निशिगंधाला तिथे ‘गुल-ए-मरियम’ म्हणतात. थोडक्यात, नाव आधीपासून होते आणि परदेशातून आलेले फूल त्यात राहायला आले. ‘निशिगंध’ आणि ‘रजनीगंधा’ यांचा अर्थही शब-बू हाच आहे. नावाचे वय आणि झाडाचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लख्ख दिसते.

शेवंतीची गोष्ट अधिक जुनी आणि अधिक गुंत्याची. तिचे माहेर चीन. तिथल्या ‘लीजी’ या प्राचीन ग्रंथात शरदाच्या अखेरच्या महिन्याची खूण म्हणून पिवळ्या शेवंतीचा उल्लेख येतो. चौथ्या-पाचव्या शतकातला कवी ताओ युआनमिंग तिच्यासाठी इतका प्रसिद्ध झाला, की चिनी चित्रकलेत तो आणि शेवंती जोडीनेच येतात. ल्यू मंग याने ११०४ साली केवळ शेवंतीवर ‘च्यू पू’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यात पस्तीसेक वाणांची नोंद केली. जपानने हे फूल चीनकडून घेतले आणि सोळा पाकळ्यांची शेवंती राजघराण्याची मुद्रा बनली. युरोपात तिला रुजायला मात्र वेळ लागला. १७८९ मध्ये मार्सेयच्या पिएर ब्लांकार याने चीनहून तीन वाण आणले, त्यांतला एकच जगला. आज फ्रान्समध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला थडग्यांवर शेवंती वाहतात, त्यामुळे ती कुणाला भेट द्यायची नसते. कोकण-गोव्यात तिचीच वेणी माळतात.

आपल्याकडे तिच्या नावापाशी पुन्हा तोच खेळ आहे. मोनिअर-विल्यम्स यांच्या संस्कृत कोशात ‘सेमन्ती’ म्हणजे पांढरा गुलाब. हिंदीतही ‘सेवती’ हा एक पांढरा गुलाबच, आणि आपल्या शेवंतीला तिथे ‘गुलदाउदी’ म्हणजे दाऊदचे फूल असे म्हणतात. याउलट मराठीत शेवंती, कानडीत सेवंतिगे, तेलुगूत चामंती आणि तमिळमध्ये सेव्वंदी, ही सगळी या चिनी फुलाची नावे. माझा तर्क असा, की दाट पाकळ्यांच्या गुलाबाचे नाव तशाच दाट पाकळ्यांच्या पाहुणीला मिळाले आणि दक्षिणेत ते कायमचे तिचे झाले. म्हणून जुन्या पोथीत ‘सेवंती’ दिसली की लगेच शेवंती म्हणू नये. आधी प्रदेश पाहावा, आजूबाजूला कोणती फुले मोजली आहेत ते पाहावे, रंग-काट्यांचे वर्णन असेल तर ते पाहावे. केवळ नावावरून फुलाची जन्मतारीख काढायची सवय आपल्या अभ्यासात पुष्कळ आहे, आणि देवस्थानाची ती यादी हे तिचेच धाकटे रूप होते.

आता बागेत येऊ. शेवंतीला बहर आणते ती वाढणारी रात्र. दिवसाच्या लांबीप्रमाणे झाडे फुलतात, हे अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० साली प्रयोगांनिशी मांडले. शेवंतीच्या जातीला मात्र ते कधीचेच ठाऊक होते. दिवस लहान होऊ लागले की ती कळ्या धरते, म्हणून दसऱ्या-दिवाळीपासून थंडीभर तिचा बहर. रस्त्यावरचा दिवा रात्रभर झाडावर पडत असेल, तर कळ्या लांबतात. कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवणे एवढाच त्यावर उपाय. पावसाळ्यात शेंडे खुडले की फांद्या वाढतात आणि फुलेही वाढतात. तिला ऊन हवे आणि मुळाशी पाणी साचलेले चालत नाही. तिचा कडसर वास फुलाइतकाच पानालाही असतो.

निशिगंधाचा हंगाम वेगळा. कंद उन्हाळ्यात लावावेत, म्हणजे पावसाळ्यात दांडे येऊ लागतात आणि थंडी पडली की ते कमी होतात. त्याचा सुगंध संध्याकाळनंतर चढतो आणि फूल खुडल्यावरही थांबत नाही. फ्रान्समधल्या ग्रास गावातले अत्तरवाले याच गुणाचा उपयोग करत. खुडलेली फुले चरबीच्या थरावर पसरून ते त्यांचा गंध शोषून घेत. एक गोष्ट लक्षात ठेवावी : ज्या कंदाने एकदा दांडा दिला, तो पुन्हा फुलत नाही. बाजूची पिल्ले मोठी होतात आणि पुढच्या वर्षी ती फुलतात. घायपातही आयुष्यात एकदाच फुलतो. भाऊबंदकी इथेही दिसते. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी गड्डा उकरून कंद वेगळे करावे लागतात.

या मशागतीतच दोघांमधले सर्वांत मोठे साम्य आहे. घरच्या बागेत दोन्ही बियांपासून लावत नाहीत. शेवंतीच्या काश्या काढून लावतात, निशिगंधाचे कंद. म्हणजे आजची शेवंती ही जुन्या शेवंतीची लेक नसून तिचाच तुकडा आहे. सिंगल निशिगंधाला बी धरते तरी, डबलला तेही नाही. या झाडांचा प्रवास दर वर्षी कुणीतरी उकरले, वेगळे केले आणि दुसऱ्याच्या हातात दिले, म्हणूनच झाला. मेक्सिकोत जे झाड रानात उरले नाही, ते या हातांवर जगले.

म्हणूनच देवस्थानाला मी लिहिले, की जन्मगाव हीच कसोटी लावायची तर ही दोन्ही खोडा आणि झेंडूही खोडा, मग दसऱ्याचे तोरण कशाचे करायचे ते ठरवा. आणि सांभाळ ही कसोटी लावायची, तर दोन्ही ठेवा, पण मग खरोखर सांभाळा. बंगळूरच्या संशोधन संस्थेने ‘शृंगार’, ‘प्रज्वल’ असे निशिगंधाचे वाण दिले आहेत, लखनौने ‘रजत रेखा’ दिला आहे. ते संस्थांच्या नोंदीत सुरक्षित आहेत. परसातल्या बारीक फुलांच्या, बिननावाच्या शेवंतीची नोंद मात्र कुठेही नाही. झिप्री, रेवडी ही नावे तरी बाजारामुळे टिकली. जिला बाजारच नाही, तिचा गड्डा एका उन्हाळ्यात वाळला की तो वाण संपला. त्याचे बी कुठल्याही डबीत ठेवलेले नसते.

यंदा बहर ओसरला की जुन्या घरांच्या परसात चौकशी करावी. चार काश्या मागून आणाव्यात, आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या दोन कुणाला तरी द्याव्यात.